गाव आधी, गोष्ट मागाहून



भातुकली आपण सर्वांनीच खेळली आहे. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल, करवंटीचे भांडे, निंबाच्या पाल्याची भाजी. कोणी बाप व्हायचा, कोणी आई, कोणी दुकानदार. आणि सर्वांत धाकटे जे असेल त्याच्या वाट्याला पाहुणा नाहीतर वासरू. त्या मेळ्यात एक पोर मात्र असे असायचे, की त्याच्यावाचून खेळ रंगत नसे. "आता रात्र झाली, निजा सारे," असे ते म्हणाले की सगळे डोळे मिटत. "पाऊस आला, पापड उचला," म्हटले की कोरड्या अंगणात धावपळ उडे. ते स्वतः आई होत नसे की बाप होत नसे; पण घर, गाव, दिवस, रात्र हे सारे त्याच्या तोंडून निघत असे. आजचे भाषण मी त्या पोरासाठी करीत आहे. ते आता मोठे झाले असेल, एखाद्या शाळेत शिक्षक असेल, किंवा गावच्या वाचनालयाचे काम पाहत असेल.

या भातुकलीची मोठ्या माणसांचीही एक जात आहे. इंग्रजीत तिला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा असा पहिला खेळ छापून विक्रीला आणला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार. आज तो जगभर खेळला जातो. त्याच्याही पूर्वी, १८२४ साली, प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाचा एक खेळ बसवला होता. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपापले हुकूम देत आणि मध्ये बसलेला पंच त्याचा परिणाम काय झाला ते सांगे. हा पंच म्हणजे आपल्या भातुकलीतल्या पोराचाच भाऊ म्हणायचा.

खेळ चालतो कसा, ते आधी सांगतो. चार-सहा जण एका सतरंजीवर बसतात. प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेले असते. कोणी वैद्य, कोणी गाडीवान, कोणी शिपाई. एक जण सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला गेम मास्टर म्हणतात, आपण सूत्रधारच म्हणू. तो सांगतो, "तुम्ही नदीकाठी आला आहात. नाव पलीकडे बांधलेली आहे, नावाडी दिसत नाही. काय करता?" मग प्रत्येकाने आपापल्या सोंगाच्या वतीने उत्तर द्यायचे. केलेले काम सोपे असेल तर ते होते. अवघड असेल तर फासे टाकून पाहायचे. येथे कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही. गोष्ट पुढे जाते. एक बैठक दोन-तीन तासांची असते. हीच मंडळी हीच सोंगे घेऊन आठवड्यामागून आठवडे भेटत राहिली, की त्या लांब खेळाला मोहीम म्हणतात.

तेव्हा सूत्रधाराला दोन कामे आली. सोंगे ज्यात वावरतील ते जग रचायचे, आणि मोहीम आखायची. ही दोन्ही कामे कशी करावीत, याविषयी आज मला बोलायचे आहे. कीर्तनकार बुवांना आख्यानाचा शेवट ठाऊक असतो, आणि श्रोत्यांनाही तो ठाऊक असतो. आपल्या सूत्रधाराला मात्र शेवट ठाऊक असून चालत नाही. गाव पक्के असावे, शेवट मोकळा असावा. माझे सारे सांगणे या एका वाक्यात आले.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी पुण्याला शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने हा खेळ मला दाखवला. मी मराठीचा प्राध्यापक. मला वाटले, गोष्ट रचणे हे तर आपल्या घरचेच काम! दिवाळीच्या सुटीत गावी गेलो, वाचनालयात आठवी ते अकरावीची सहा मुलेमुली जमवली, आणि चाळीस पानी वही भरून कथानक लिहून नेले. गाव आपल्याकडच्यासारखेच, काळ जुन्या मालगुजारीचा. एका कास्तकारावर कर्ज झालेले, मालगुजाराच्या दिवाणजीने कागदात लबाडी केलेली. पुढे त्या कास्तकाराचा अंत होतो, आणि मग माझ्या सहा वीरांनी दिवाणजीला गाठून न्याय मिळवायचा. तिसऱ्या प्रकरणात कास्तकाराने जीव द्यायचा, हे ठरलेलेच होते. त्यावाचून माझे चौथे प्रकरण सुरू होत नव्हते.

पहिल्या अर्ध्या तासातच मुले माझ्या वहीबाहेर गेली. एका मुलीला दिवाणजीपेक्षा त्याच्या घोड्याची अधिक चौकशी. दोघे म्हणाले, आम्हांला त्या कास्तकाराला भेटायचे आहे. माझ्या वहीत ती भेट नव्हती. मी म्हटले, "तो घरी नाही." ते म्हणाले, "मग आम्ही थांबतो." मी म्हटले, "अंधार पडला, तुम्हांला परतले पाहिजे." ते म्हणाले, "आमच्याजवळ कंदील आहे." तेव्हा मी सरळ म्हटले, "सकाळी बातमी आली," आणि ती बातमी चांगली घोटून लिहिली होती ती वाचून दाखवली. वाचन संपले तेव्हा नववीतला एक मुलगा उठून उभा होता. "सर, मी घरी जातो," एवढेच तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

मागाहून मला कळले, की त्याच्या घरात असेच घडले होते. हे मला आधी कळायला हवे होते. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या ६ जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. या मातीतल्या मुलांसमोर कर्जाची गोष्ट मांडताना आधी विचारावे, एवढे भान मला राहिले नाही. त्या रात्री मी ती वही पुन्हा वाचली. विचारले नाही ही पहिली चूक. दुसरी तिच्याहून खोल होती. मुले त्या माणसापाशी थांबायला तयार होती, आणि माझ्या कथानकाला तो मेलेला हवा होता.

आता कामाचे बोलू.

पहिले काम जग रचण्याचे. नवा सूत्रधार येथे बहुधा फसतो. तो खंड काढतो, समुद्र काढतो, दहा राज्ये आणि त्यांच्या वंशावळी लिहितो. मग पहिल्याच बैठकीत एखादी मुलगी विचारते, "या गावात पाणी कुठून भरतात?" आणि सूत्रधार आपली वही चाळत बसतो.

आपल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रजाची कबर आहे. हिंदुस्थानची शास्त्रशुद्ध मोजणी याने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केली, आणि काम करीत करीत उत्तरेकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. एव्हरेस्ट शिखराला ज्याचे नाव दिले, तो जॉर्ज एव्हरेस्ट याच्यानंतर त्या जागेवर आला. एवढा मोठा देश लॅम्बटनने मोजायला घेतला तो कसा? सगळीकडे साखळी ओढीत नव्हे. आधी त्याने सुमारे साडेसात मैलांची एकच सरळ रेषा शंभर फुटी पोलादी साखळीने अतिशय काटेकोरपणे मोजली. मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या एका खुणेचे कोन घेतले, आणि त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने काढल्या. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण, त्यांच्यावर आणखी पुढचे. मधूनमधून एखादी रेषा पुन्हा प्रत्यक्ष मोजून ताळा पाहायचा.

आपणही असेच करावे. एक गाव काटेकोर मोजावे. बाकीचा मुलूख त्या गावावरून, लागेल तेव्हा, लागेल तितकाच काढावा. मोजण्यासाठी पाच प्रश्न पुरतात. पाणी कोठून येते, आणि कोणाला मिळत नाही? बाजार कोणत्या वारी भरतो, आणि तेथे काय विकायला येते? रस्ता कोठे जातो, आणि पावसाळ्यात कोठे तुटतो? गावात शब्द कोणाचा चालतो? आणि रात्री उशिरापर्यंत दिवा कोणाच्या घरी जळतो? या पाचांची उत्तरे दोन-दोन ओळींत लिहा. तुमचे जग पहिल्या बैठकीपुरते तयार झाले.

उत्तरे सुचत नसतील तर आपलेच गाव घ्यावे, त्याचे नाव बदलावे, एक वस्तू काढून घ्यावी आणि एक वाढवावी. समजा, वणा नदीच्या काठचे तुमचे गाव. त्याचा पूल काढून घ्या. कपाशीचे एक जिनिंग बंद पडलेले आहे, तेथे आता रात्री कोणीतरी दिवा लावते, एवढे वाढवा. पूल नाही म्हणजे नावाडी आला, नावाड्याचा मान आला, पुराच्या चार दिवसांत अडकलेले पाहुणे आले. दिव्यापायी काय काय येईल ते मुलेच तुम्हांला सांगतील.

गावात दूरच्या एका कारणाचा धागाही सोडून ठेवावा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव विलायतेच्या बाजारात गाजले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. वणेकाठच्या ज्या कास्तकाराने अमेरिका नकाशातही पाहिली नव्हती, त्याच्या घरची चूल त्या युद्धाने पेटली आणि विझली. तुमच्या गावातही असे एक कारण असू द्या, ज्याचे मूळ फार दूर आहे. मोहीम लांबली की मुले त्या धाग्याला धरून चालू लागतात.

आणि गावाला एक दगड हवा. दगड म्हणजे डोळ्यांनी दिसणारी अशी वस्तू, जिच्यामागे कथा आहे. समुद्रपूर तालुक्यात गिरडचा डोंगर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, तेथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात. त्या डोंगरावर गोलसर दगड सापडतात. भूगर्भशास्त्र सांगते, की काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे साठून ते घडले. लोक सांगतात, दोन व्यापारी मालाच्या गोण्या घेऊन चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचे नारळ आणि सारा माल दगड होऊन पडला. ते शरण आले. बाबांनी वाळक्या पानांचा नवा माल करून दिला. ते पाहून दोघे व्यापारी तेथेच बाबांच्या सेवेला राहिले, आणि डोंगरावरच्या दोन कबरी त्यांच्याच आहेत, असे म्हणतात. पाहा, हातात घेता येईल असा दगड आहे, ऐकायला कथा आहे, आणि खूण म्हणून कबरी आहेत. तुमच्या गावात अशी एकच जागा असली तरी मुले तिच्याभोवती महिनाभर फिरतील. तेथले खरे काय हे सूत्रधाराने घाईने सांगू नये. शास्त्र जाणणारे सोंग एक उत्तर देईल, भक्ताचे सोंग दुसरे देईल, आणि दोघांना एकाच पायवाटेने खाली उतरायचे असते.

यानंतर माणसे. प्रत्येक माणसासाठी तीनच ओळी लिहा: त्याला काय हवे आहे, तो कशाला भितो, आणि तो काय लपवतो. माझ्या पहिल्या वहीत दिवाणजीच्या कपाळावर आठ्या होत्या, डोळे लाल होते, आवाज घोगरा होता. पण त्याला हवे काय हे मी लिहिलेच नव्हते. दुसऱ्या वेळी लिहिले. त्याला मालगुजाराची मर्जी हवी, कारण मुलीचे लग्न ठरायचे आहे. मालगुजार हिशेब मागेल याचे त्याला भय. आणि लबाडीचा मूळ कागद त्याने जाळलेला नाही, हे तो लपवतो. या तीन ओळी असल्या की मुलांनी काहीही विचारले तरी दिवाणजी काय बोलेल ते मला कळते. कथानक पाठ करण्याची गरजच राहत नाही.

दुसरे काम मोहीम आखण्याचे. येथे कास्तकाराइतका चांगला गुरू नाही. तो वर्षाची आखणी करतो, पण पाऊस कोणत्या दिवशी पडेल हे त्याच्या हाती नसते. मृगात पेरणी करायची, पोळ्याला बैल सजवायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटली की वेचणी आणि मग बाजार. एवढा क्रम पक्का, बाकीचे आभाळावर. मोहिमेचे पंचांगही असेच करावे. प्रत्येक ऋतूपुढे एक ओळ लिहावी: खेळाडूंनी काहीच केले नाही तर काय होईल? मृगात नाल्याला पूर येऊन वाट बंद होईल. पोळ्याच्या दिवशी मानाचा बैल कोणाचा, यावरून दोन घरांत भांडण होईल. वेचणीच्या आत दिवाणजी तो कागद मालगुजारापुढे ठेवील. मुलांनी हात घातला तर हे बदलेल. नाही घातला तर होईल. जग आपल्यासाठी थांबून राहिलेले नाही, आणि तरी आपल्या करण्याने ते बदलते, हे दोन्ही मुलांना एकाच वेळी कळते.

बैठक मात्र एका वेळी एकच तयार करावी. बैठक संपताना विचारून घ्यावे, "पुढल्या रविवारी तुम्ही कोठे जाणार?" ती जे सांगतील तेवढीच जागा तयार करायची. दहा रविवारांची तयारी केली की ती वाया जाऊ नये म्हणून आपण मुलांना ओढू लागतो. माझे तसेच झाले होते. दुसरे असे, की गोष्ट पुढे जाण्यासाठी जी माहिती अवश्य आहे ती तीन ठिकाणी ठेवावी. एकच खूण ठेवाल तर मुले नेमकी तिच्यावरून पाय देऊन पुढे जातील. कागदाची बातमी मी दिवाणजीच्या मोलकरणीपाशी ठेवली, नावाड्यापाशी ठेवली, आणि जिनिंगमधल्या दिव्यापाशी ठेवली. तिसरे, बैठक झाल्यावर त्याच रात्री वहीत पाच ओळी लिहाव्यात: काय घडले, कोणाला काय वचन दिले, कोणाचे काय देणे राहिले. तुम्ही गावातल्या एखाद्या म्हातारीचे नाव विसराल, पण मुले विसरत नाहीत. लॅम्बटनचा ताळा येथे उपयोगी पडतो.

आता फाशांविषयी. परदेशी खेळात वीस बाजूंचे फासे लागतात. आपल्याला त्यांची गरज नाही. दोन चिंचोके मधोमध फोडले की चार दाळी होतात, एक बाजू काळी आणि एक पांढरी. चार दाळी टाकल्या तर त्या पडण्याच्या सोळा रीती आहेत. चारही पांढऱ्या अशी एक, तीन पांढऱ्या अशा चार, दोन पांढऱ्या अशा सहा, एक पांढरी अशा चार, आणि चारही काळ्या अशी एक. यावरून सोपा नियम बसतो. नेहमीच्या कामाला दोन किंवा अधिक पांढऱ्या पडल्या की काम झाले, म्हणजे सोळांत अकरा वेळा. अवघड कामाला तीन किंवा अधिक, म्हणजे सोळांत पाच वेळा. फारच अवघड असेल तर चारही, सोळांत एकदा. गणिताच्या शिक्षकांनी मुलांकडून शंभर वेळा दाळी टाकवून नोंद करून घ्यावी. चिंचोका काही टांकसाळीतून आलेला नसतो, तो एका बाजूला अधिक कलतो की काय हे मुलांनाच शोधू द्यावे.

दाळी केव्हा टाकायच्या, हे मात्र गणित सांगत नाही. माझा नियम असा, की दोन्ही निकाल सोसण्याची आपली तयारी असेल तेव्हाच टाकाव्यात. नदीत उडी घेतली, पोहून जाईल की वाहत खालच्या गावाला लागेल? टाका दाळी, दोन्हीकडे गोष्ट आहे. ज्या ठिकाणी एक निकाल आपल्याला कोणालाच नको आहे, तेथे दैवाला मध्ये आणू नये.

खेळ सुरू होण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी द्यावी. आपल्या खेळात जे येऊ नये असे वाटते ते तिच्यावर लिहायचे. नाव लिहायचे नाही. चिठ्ठ्या एकट्या सूत्रधाराने वाचाव्यात, आणि त्यांतले काही खेळात आणू नये. कारण विचारू नये. शिवाय खेळ चालू असता कोणीही सतरंजीवर पालथा हात ठेवला, की तो प्रसंग तेथेच सोडून पुढे जायचे. तेथेही कारण विचारायचे नाही. आणि जे मूल गप्प बसते, त्याला प्रत्येक फेरीत एकदा, त्याच्या सोंगाच्या नावाने हाक मारून विचारावे, "तू काय करतोस?" "काही नाही" हे उत्तरही मान्य करावे.

हे सारे मी शिकलो ते त्या मुलामुळे. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईशी आणि त्याच्याशी बोललो, चूक कबूल केली. पुन्हा ये असे म्हटले नाही. आठ दिवसांनी तो आपण होऊन वाचनालयाच्या दाराशी आला. मी सर्वांना सांगितले, की मागच्या वेळची ती सकाळ मी वहीतून फाडून टाकली आहे. कोणाला तो प्रसंग नको असेल तर आपण दुसऱ्याच गावी जाऊ. तोच बोलला. "सर, त्या काकाले भेटता येते का आता?"

मी म्हटले, "येते. तो घरीच आहे."

मग ती मुले कंदील घेऊन त्या घरी गेली. मी कास्तकार झालो. मुलगा ओसरीत उभा राहून म्हणाला, "काका, बैलाईले चारा टाकला का?" मी म्हटले, "टाकतो." तो म्हणाला, "तुम्ही बसा. मीच टाकतो." नंतर म्हणाला, "आज तुमच्या ओसरीतच झोपतो मी." घोड्याची चौकशी करणारी मुलगी म्हणाली, "काका, तो कागद आणा, मी वाचून दाखवते." तिने मनानेच एकेक ओळ वाचायला सुरुवात केली, आणि प्रत्येक ओळीला इतर मुले थांबवून विचारू लागली, व्याज किती, मुद्दल किती, अंगठा कोणाचा. बराच वेळ ते चालले. चिंचोक्याच्या दाळी माझ्या मुठीत होत्या. त्या मी खाली ठेवल्या. शेवटी कोणी बोलेना, तेव्हा भातुकलीतल्या त्या पोरासारखे मी म्हटले, "आता सकाळ झाली."

मुलगा म्हणाला, "मग वावरात जाऊ."

ती मोहीम पुढे मे महिन्यापर्यंत, जमेल त्या रविवारी चालली. खेळ हे औषध आहे असा माझा दावा नाही. ज्या मुलाचे मन दुखावलेले आहे त्याला घरची माणसे हवीत, शिक्षक हवेत, वेळ पडल्यास डॉक्टर हवा. पण रोजच्या आयुष्यात ज्याला कोणी काही विचारत नाही, अशा मुलाला "तू काय करतोस?" असे कोणीतरी विचारते, आणि त्याच्या उत्तराने गावातली एखादी गोष्ट खरोखर बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शिक्षकांना आणखी एक सांगतो. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, आणि तिच्यातून नई तालीम पुढे आली. हाताने काम करता करता मूल शिकते, हा तिचा गाभा. माझा खेळ त्या कामाची जागा घेऊ शकत नाही. सूत कातल्यावाचून सूत कळत नाही. परंतु ग्रामसभेत बोलायचे कसे, पाण्याचा तंटा मिटवायचा कसा, कागदावर अंगठा देण्यापूर्वी विचारायचे काय, याचा सराव मुलांनी मोठे होण्याआधी कोठे करावा? खऱ्या गावात चूक झाली तर ती भोगावी लागते. सतरंजीवरच्या गावात ती पुढच्या रविवारी दुरुस्त करता येते. माझी स्वतःची झाली, तशी.

तेव्हा आज रात्री एक कोरा कागद घ्या. मधोमध एक विहीर काढा. तिच्यावर पाणी भरायला कोण येते आणि कोण येऊ शकत नाही, एवढे लिहा. एक रस्ता काढा, एक दिवा लावा, तीन माणसांच्या तीन-तीन ओळी लिहा, आणि तेथेच थांबा. पुढचे लिहिण्याचा मोह होईल, तो आवरा. रविवारी चार मुले बोलवा, दोन चिंचोके फोडून ठेवा, आणि विचारा, "तुम्ही गावाच्या वेशीशी आला आहात. काय करता?"